सगळं अमिग्डालावर ढकलू नका
वर कुणीतरी म्हटलंय की भावना म्हणजे सगळा अमिग्डालाचा (मेंदूतला भीती-राग अशा भावनांशी जोडलेला छोटा भाग) खेळ, तो शांत ठेवला की झालं. मला हे अर्धंच पटतं. फिनिअस गेजची केस बघा. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेसाठी खडक फोडत होते, हा तिथला मुकादम, सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांची लोखंडी पहार डाव्या गालातून शिरून कवटीतून वर बाहेर पडली! माणूस वाचला, थोड्याच वेळात बोलायलाही लागला. पण आधीचा शांत, भरवशाचा माणूस शिवराळ आणि हट्टी झाला, ठरवलेलं काही तडीस नेईना, मित्र म्हणायचे हा आपला गेज नव्हेच. दुखावला होता तो कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. राग आला तरी समोर कोण आहे, आत्ता बोलावं का, हे तोलायला हाच भाग लागतो.

आणि मला सगळ्यात भावतं ते पुढचं, नंतर तो चिलीत काही वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत होता, म्हणजे वेळा पाळणं, माणसं सांभाळणं आलंच, बराच सावरला असणार. डोक्याला मार लागलेलं कुणी घरात असेल तर त्याची चिडचिड मुद्दामची समजू नका प्लीज, न्यूरोलॉजिस्टला हेही सांगा.