सेव्ह केलेली फाइल लाइट गेल्यावर कोरी कशी होते?

कोरीपाटी:
फाइल सेव्ह केली, सेव्ह न झाल्याची खूणही गेली आणि पाच-सात सेकंदांत लाइट गेली. मशीन पुन्हा चालू केल्यावर फाइल जागेवर आहे, नाव तेच, आकारही 48 केबी. उघडली की आत नुसती रिकामी जागा. विंडोज 11, एसएसडी, घरात इन्व्हर्टर आहे. रॅममधलं जातं आणि डिस्कवरचं राहतं, हे माहीत आहे. पण सेव्ह म्हणजे डिस्कवर गेलं ना? आणि इन्व्हर्टर असताना पीसी बंद का पडावा?

कर्नलकाका:
सेव्ह दाबल्यावर माल ओसरीवर उतरतो, माजघरात नाही. आणि ओसऱ्याही दोन आहेत.

पहिली ऑपरेटिंग सिस्टिमची कॅशे, म्हणजे माल तात्पुरता ठेवायची जागा, आणि ती रॅममध्येच असते. प्रोग्रामने दिलेला मजकूर तिथे कॉपी झाला की सिस्टिम 'झालं' म्हणून मोकळी होते. पुढचं काम मागाहून, सवडीने. विंडोजमधला लेझी रायटर, म्हणजे हे मागाहूनचं काम करणारा भाग, सेकंदातून एकदा जागा होतो आणि साचलेल्यापैकी साधारण एक अष्टमांश पुढे ढकलतो. लिनक्स दर 5 सेकंदांनी बघतं, पण माल पुढे पाठवण्याआधी तो साचू द्यायची मुळात ठरलेली मुदत 30 सेकंदांची असते. दुसरी ओसरी एसएसडीच्या आत, तिची स्वतःची कॅशे. सर्व्हरच्या एसएसडीत ती रिकामी करण्यापुरती वीज धरणारे कपॅसिटर असतात, घरगुतीत बहुधा नसतात.

आता आकार बरोबर आणि आत काहीच नाही, हे कसं? एनटीएफएस ही विंडोजची डिस्कवर फाइल मांडायची पद्धत, तिचं जर्नल, म्हणजे नोंदवही, फक्त नोंदी सांभाळतं: नाव, आकार, जागा. मजकूर नाही सांभाळत. वहीत '48 केबी आवक' लिहिलं गेलं, पोती आलीच नाहीत. न लिहिलेल्या भागात शून्य बाइट दिसतात, तीच तुमची रिकामी जागा. त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका, तो मजकूर डिस्कवर कधी पोचलाच नव्हता. वर्डची फाइल असेल तर ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, वर्ड या फोल्डरमध्ये .एएसडी फाइल शोधा. ऑटोरिकव्हर मुळात 10 मिनिटांवर असतं, ते 2 वर आणा.

फेज_न्यूट्रल:
इन्व्हर्टरचं मी सांगतो. पीसीचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, वीज तुटल्यावर पूर्ण लोडला साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो, जुना झाला की त्याहून कमी. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर मेनवरून बॅटरीवर यायला त्याच्या दुप्पट वेळही लागू शकतो. ट्यूबलाइट, पंख्याला फरक पडत नाही, पीसी मात्र बसतो.

मागच्या बाजूला 'यूपीएस' मोडचं बटण असतं, काहींत ते मेनूत लपलेलं असतं. ते लावा. त्याची किंमतही आहे: या मोडमध्ये व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात बॅटरी उगाच झिजते. तिथे पीसीपुरता 600 व्हीएचा वेगळा यूपीएस बरा. तो साधारण 360 वॅट देतो. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, रोलर तापताना तो एकदम खूप वीज ओढतो.

कोरीपाटी:
मग डिव्हाइस मॅनेजरमधून राइट कॅशिंगच बंद केलं तर?

बिटबाजार:
करता येतं, पण एसएसडी लिहिताना लंगडेल, आणि रॅममधली पहिली ओसरी तशीच राहील. डिस्कच्या प्रॉपर्टीज, पॉलिसीज या पानावर दोन खुणा आहेत. पहिली, राइट कॅशिंगची, राहू द्या. दुसरी, बफर फ्लशिंग बंद करणारी, तिला हात लावू नका. ती लावली की प्रोग्रामने 'आत्ताच्या आत्ता पक्कं लिही' म्हटलेलंही विंडोज डिस्कपर्यंत पोचवत नाही. 'वेग वाढवा'छाप व्हिडिओत नेमकी हीच लावायला सांगतात!

खरा उपाय प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात: वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं, फ्लश करायचं, म्हणजे ओसरीवरचं डिस्कवर पक्कं उतरवायचं (लिनक्सवर एफसिंक, विंडोजवर फ्लशफाइलबफर्स), आणि मगच नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी बसवायची. मध्येच लाइट गेली तर जुनी तरी शाबूत राहते. जुन्याच फाइलवर थेट गिरवणारी छोटी सॉफ्टवेअर अशी कोरी फाइल हातात देतात.

पेन ड्राइव्हचं म्हणाल तर विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' मुळातच लावलेलं असतं, तिथे धोका कमी. लिनक्सवर मात्र पट्टी 100 टक्के झाली तरी शेकडो एमबी रॅममध्ये असू शकतात. टर्मिनलमध्ये 'सिंक' द्या, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत ड्राइव्ह उपटू नका.

कोरीपाटी:
रात्री पीसी स्लीपवर ठेवणं चालेल का?

कर्नलकाका:
स्लीपमध्ये रॅमला वीज चालूच असते. तिच्यातला एकेक बिट म्हणजे कपॅसिटरमधला इवलासा विद्युतभार, तो गळतो म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. वीज तुटली की संपलं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं हायबरफिल.सिस या फाइलमध्ये उतरवून मग मशीन बंद होतं. मेनूत तो पर्याय दिसत नसेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /एच ऑन' द्या, मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये खूण करा.

बिटबाजार:
जाता जाता, एसएसडीवर बॅकअप घेऊन ती वर्षानुवर्षं कपाटात टाकू नका. तीही भारावरच चालते, फक्त गळती फार संथ. मेमरी-चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेचं घरगुती एसएसडीचं मानक काय म्हणतं बघा: लिहिण्याचं आयुष्य पूर्ण वापरून झाल्यावर, विजेविना, 30 अंशांना 1 वर्ष. नवी असेल तर बरीच जास्त टिकते, पण उन्हाळ्यात आपल्याकडचं कपाट 30 वर थांबत नाही. कपाटात ठेवायची तर हार्ड डिस्कच ठेवा.