२१४७४८३६४७ : एवढी मोठी संख्या मूळ आहे हे हाताने कसं ठरवलं?

दादा: गेममधली नाणी २१४७४८३६४७ वर अडकलीत. कितीही खेळलो तरी पुढे सरकत नाहीत. हाच आकडा का?

आत्या: अरे, २ चा ३१ वा घात घे आणि १ वजा कर. गेम आकडा ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ खणांत साठवतो. त्यातलं एक बिट अधिक-उणे चिन्हाला जातं. उरलेल्या ३१ मध्ये सगळीकडे १ भरला की हाच आकडा येतो. पुढे जागाच नाही.

ताई: आणि ती मूळ संख्या आहे ना गं आत्या?

आत्या: हो! गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केलं, तेही हाताने.

काका: हाताने? अक्का, हिचं वर्गमूळच ४६३४० च्या पुढे जातं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायचं म्हणजे जन्म जाईल.

आत्या: सगळ्यांनी नाही रे, खरी गंमत तिथेच आहे. आधी छोटी संख्या घे. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७. ११ मूळ असूनही २०४७ मूळ नाही, २३ × ८९ आहे. आता या दोघांतून १ काढ. २२ आणि ८८, दोन्ही २२ च्या पटीत, म्हणजे ११ च्या दुपटीच्या. हा योगायोग नाही. घातांक विषम मूळ संख्या असेल तर प्रत्येक मूळ विभाजक असाच असतो.

ताई: म्हणजे ३१ साठी ६२ च्या पटीत १ मिळवायचा. ६३, १२५, १८७, २४९, ३११...

आत्या: बरोब्बर. पहिल्या चारही संयुक्त, त्या सोडून दे. शिवाय विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च हवी. त्यात यादी आणखी निम्मी होते. ३११ ची बाकी ७, म्हणून ती तपासायची. तिच्यानंतर तपासण्यासारखी मूळ संख्या थेट १३०३!

दादा: ३११ ने भागलं. भागाकार ६९०५०९२, बाकी ३५.

आत्या: शाब्बास! अशीच प्रत्येक वेळी बाकी उरते.

काका: ही जुळी मूळ संख्या आहे का? म्हणजे २ च्या अंतरावर आणखी एक मूळ संख्या?

ताई: नाही काका. २ कमी केले की शेवटी ५ येतो. २ वाढवले की अंकांची बेरीज ४८, म्हणजे ३ ने भाग जातो.

आत्या: आणि ८ ने भागल्यावर हिची बाकी ७ येते, त्यामुळे तीन वर्गसंख्यांच्या बेरजेत ती बसत नाही. चार लागतातच.

आजोबा: युक्लिडचा नियम हिला लागू पडतो ना? ६, २८, ४९६ ज्यातून येतात तो?

आत्या: हो अप्पा, छान आठवण केलीत! अशा मूळ संख्येला एकने कमी घाताने, म्हणजे इथे २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८. ती स्वतः सोडून तिचे सगळे विभाजक मिळवले की पुन्हा तीच येते. आठवी परिपूर्ण संख्या.

दादा: या सगळ्या सम आहेत. विषम परिपूर्ण संख्या नसतेच का?

आत्या: एकही सापडलेली नाही. पण नसतेच, हेही अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.