संगमेश्वर तालुक्यातील खासगी डोंगर : भावकीला सोबत घेऊन जंगल राखण्याचा आराखडा कसा करावा?

प्रश्न

आमचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. वर जांभ्याचा सडा (कातळाचे सपाट पठार), खाली जंगलाचा उतार, मग वरकस (हलकी, उताराची जमीन) आणि तळाशी भातखाचरे, असा तीन वाड्यांचा सलग डोंगर असून तो सगळा खासगी मालकीचा आहे. दर दहा-पंधरा वर्षांनी लाकडाचा ठेकेदार येतो, भावकीत कोणाकडे तरी लग्न किंवा आजारपण असते आणि एका उन्हाळ्यात उतार बोडका होतो. माझ्या लहानपणी मे महिन्यापर्यंत वाहणारा पऱ्या (ओढा) आता माघातच आटतो. यंदा सहा-सात मालकांनी जंगल राखण्याची तयारी दाखवली आहे. मात्र एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे आहेत आणि निम्मी मंडळी मुंबईत असतात. सुरुवात कोठून करावी, आणि रोपे कोणती लावावीत?

उत्तर १

रोपांचा विचार सध्या बाजूला ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या उतारावर तोडलेल्या ऐन-किंजळीच्या झाडांच्या खुंटांजवळ बसून पाहा. एकेका खुंटाला दहा-बारा फुटवे दिसतील. त्यांतले दोन-तीन सरळ व जोमदार ठेवून बाकीचे काढले, तर जुन्या मुळांच्या जोरावर ते जसे वाढतील तसे पिशवीतले रोप वाढणार नाही. जिथे खुंटही मेले आहेत आणि रानमोडी या तणाने जागा व्यापली आहे, तेवढ्याच पट्ट्यात लागवड करावी आणि बी आपल्या देवराईतूनच घ्यावे. बेहड्याचे जुने झाड कोणाच्या हद्दीत असल्यास ते आराखड्यात पहिल्यांदा नोंदवावे, कारण महाधनेश या पक्ष्याला घरट्याच्या ढोलीसाठी असेच थोराड झाड लागते आणि खाल्लेल्या फळांच्या बिया तो दूरवर टाकत जातो.

सड्यावर मात्र एकही खड्डा मारू नये. तो ओसाड दिसतो म्हणून तिथे अकेशिया लावण्याची चूक कोकणात पुष्कळ ठिकाणी झाली आहे. पावसाळ्यात त्याच कातळावर, बोटभर मातीत, सीतेची आसवे, दवबिंदू आणि गेंद फुलतात. दिपकाडीची एक जात तर कोकणच्या सड्यांखेरीज जगात कोठेही नाही. सड्याचे पुनरुज्जीवन म्हणजे त्याला आहे तसा राहू देणे.

उत्तर २

मी स्वतः जमीनमालक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ज्येष्ठ मंडळी सही करत नाहीत, त्यामागे जुनी भीती असते. १९७५ च्या कायद्याने राज्यातील खासगी वने शासनाकडे गेली, तेव्हापासून ‘झाडी वाढली की जमीन जाते’ हे घराघरांत बसले आहे. त्यामुळे प्रत्येक सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना आणि जुने फेरफार आधी तपासावेत, आणि जे निघेल ते सर्वांसमोर वाचून दाखवावे. आमच्याकडे हे न करता नकाशा आधी काढला गेला, आणि पहिल्याच बैठकीत तो जप्तीचा कागद समजला गेला.

दुसरी गोष्ट पैशाची. तोडीचे पैसे एकरकमी मिळतात, तर पऱ्याला पाणी राहिल्याचा लाभ खालच्या खाचरवाल्याला होतो; हा हिशेब जुळवल्याशिवाय कोणाला ‘तोडू नका’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही पुण्याची संस्था आपल्याच तालुक्यात खासगी जंगलमालकांशी मोबदल्याचे करार करत आली आहे, तिच्याशी बोलावे. करार काही वर्षांचा असावा, जमिनीची मालकी बदलणार नाही हे त्यात पहिल्याच ओळीत यावे, आणि घरच्या सरपणासाठी, राबासाठी (भाताची रोपे करण्यापूर्वी जमीन भाजायला लागणाऱ्या पाल्यासाठी) व गवतासाठी कोणता भाग खुला राहील हेही नमूद असावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. सड्यावर शाळेच्या मुलांकडून वृक्षारोपण करून घ्यायचे ठरले होते. ते आजच थांबवतो. चाकरमानी शिमग्याला येतात, तेव्हा बैठक घ्यावी असे मनात आहे.

उत्तर ३

शिमग्यापर्यंत थांबल्यास उशीर होईल, कारण वणवे त्याच सुमारास लागतात आणि एका वणव्यात वर्षभराचे फुटवे करपतात. गणपतीला सगळे घरी असतात. तेव्हाच गावकर-मानकऱ्यांना पुढे बसवून, ग्रामदेवतेला कौल लावून बोलणी करावीत. सह्या सर्वांच्या नाही मिळाल्या तरी ज्या सातबाऱ्यांवर एकमत आहे तिथून काम सुरू करता येईल. मात्र जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) हद्द न पाहता सलग डोंगराभोवती हवी, कारण शेजारच्या काजूच्या बागेतला पाचोळा पेटला की आग सर्व्हे नंबर विचारत नाही. कार्तिकात गवत कापून झाले की लगेच तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा साफ करावा. त्यासाठी प्रत्येक वाडीतून माणसे द्यायची हेही गणपतीतच ठरवून घ्यावे आणि मुंबईकरांनी त्या मजुरीचा वाटा उचलावा. त्यांच्या हिश्श्याची जमीनही त्याच पट्ट्याआड आहे.