मदत हवी आहे : खाजनातलं मीठ पुन्हा वर येतंय, कोरगुट (खारं सोसणारं भात) लावायचं की थांबायचं?

गोव्यात जुवारी नदीकाठचं २ हेक्टर खाजन (बांध घालून भरतीपासून राखलेलं भातशेत). बांध फुटून ३ वर्षं भरतीचं पाणी आत होतं. एप्रिलात चिखल-पेंढ्याने बांध उभारून बाहेरून चिरे लावले. मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची) दारं नवी आहेत, भरतीला घट्ट मिटतात, गळत नाहीत. म्हणजे खारं पाणी बंद झालं, पण मीठ आतच आहे.

पावसाचं १० सेंमी पाणी ३ दिवस साठवून सुकतीला (ओहोटीला) मानशीतून सोडलं, असं ५ वेळा. वरच्या १५ सेंमीत संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची) क्षारता १४ वरून ५ डेसिसीमेन्स प्रति मीटरवर आली. मग ८ दिवस पाऊस नव्हता, ती परत ८. भेगा पडल्या, जुन्या मुळांच्या वाटांवर गवताच्या काडीसारखे फिक्कट पिवळे डाग दिसले, सामू (pH) ४.३. म्हणजे माती आम्ल-सल्फेटी : सुकून हवा लागली की आम्ल बनून बिघडते.

जिप्सम सुचवू नका, तो अल्कधर्मी जमिनीचा उपाय. पावसाशिवाय गोडं पाणी नाही, पंपही नाही. कोरगुटची रोपं २५ दिवसांची झाली आहेत, फार थांबता येणार नाही. साध्या भाताचं उत्पन्न क्षारता ३ च्या वर गेली की घटू लागतं, एवढं माहीत आहे.

पिवळ्या थराला हवा न लागता खालचं मीठ काढायला चर किती खोल घ्यावेत? आणि कोरगुट क्षारता पुन्हा ५ वर आली की लावावं, की त्यानंतर आणखी २ वेळा धुऊन?