साखर वाढल्याचे बीटा पेशीला कळते कसे?

प्रश्न:
रक्तातील ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, एवढे पाठ्यपुस्तकात असते. परंतु साखर 90 वरून 140 मिलिग्रॅमवर गेली हे त्यांना उमगते कसे? त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर एखादा ग्राही (रिसेप्टर) असतो का?

उत्तर 1:
मुख्य यंत्रणा ग्राहीवर चालत नाही. पेशी ग्लुकोज चक्क जाळते आणि त्यातून किती ऊर्जा निघाली यावरून साखरेची पातळी ठरवते. येथे कळीचे विकर (एन्झाइम) म्हणजे ग्लुकोज जाळण्याची पहिली पायरी करणारे ग्लुकोकायनेज; बहुतेक पेशींत हेच काम करणारे हेक्झोकायनेज अगदी थोड्या साखरेतच पूर्ण वेग गाठते, तर ग्लुकोकायनेजचा वेग रक्तातील नेहमीच्या पातळीच्या आसपास साखरेबरोबर वाढत जातो. ग्लुकोज अधिक जळले की एटीपी (पेशीत ऊर्जा साठवणारा रेणू) वाढते आणि त्यामुळे पेशीपटलातील विशिष्ट पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पोटॅशियम बाहेर जाऊ देणारी दारे, बंद होतात. बाहेर जाणारा धनप्रभार असा अडला की पटलावरील विद्युतदाब, जो एरवी सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट असतो, शून्याकडे सरकू लागतो. त्यासरशी कॅल्शियमचे चॅनेल उघडतात आणि आत शिरलेल्या कॅल्शियममुळे इन्सुलिनच्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) पटलाशी एकरूप होऊन बाहेर रित्या होतात.

उत्तर 2:
एक पुरवणी. ग्लुकोकायनेजच्या जनुकाची एक प्रत सदोष असलेल्या व्यक्तींची उपाशीपोटीची साखर जन्मापासूनच किंचित चढी राहते. यंत्रणा कोलमडत नाही, केवळ तिचा उंबरठा वर सरकतो; या विकराला मापक म्हणण्यास याहून चांगला पुरावा मला तरी ठाऊक नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मधुमेहावरील सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांनी साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते, मात्र केवळ जीएलपी-1 (आतड्यातून स्रवणारे एक संप्रेरक) सारखी औषधे घेतल्यास तसे क्वचितच घडते. या फरकाचे मूळ येथेच आहे का?

उत्तर 1:
होय. सल्फोनिलयुरिया तेच पोटॅशियम चॅनेल थेट बंद करते, म्हणजे साखर कमी असली तरी पुढची साखळी सुरू होते. जीएलपी-1 पेशीतील सीएएमपी (संदेश पोहोचवणारा एक रेणू) वाढवून मुख्यतः कॅल्शियमने सुरू केलेल्या कामाला जोर देते. साखर कमी असताना कॅल्शियमच पुरेसे आत येत नाही, तेव्हा जोर देण्याजोगे फारसे काही उरत नाही. याच पोटॅशियम चॅनेलमधील जनुकीय दोषामुळे काही बाळांना पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह होतो, कारण एटीपी वाढूनही चॅनेल नीट मिटत नाही. 2004 मध्ये हे कारण उमगल्यापासून अशा अनेक मुलांची इन्सुलिनची इंजेक्शने थांबवून त्यांना सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांवर आणता आले.