मदत हवी आहे: थरांचा नकाशा एक सांगतो, रहिवासी दुसरंच

पर्यावरणीय रचना आणि वस्ती नियोजनाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्टुडिओसाठी वस्तीलगतच्या मोकळ्या जागेचा आराखडा करतेय. क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) उतार, माती, निचरा, झाडी असे थर एकावर एक ठेवले (भूदृश्य रचनाकार इयान मॅकहार्गची पद्धत). उत्तर स्पष्ट आहे: सखल कोपरा पावसाच्या पाण्यासाठी सोडा. रहिवाशांना मात्र मुलांचं मैदान नेमकं तिथेच हवंय, कारण बाकीची जागा रस्त्याला लागून आहे.

बैठकीत नेहमीचीच माणसं बोलली. मग बायका-मुलांबरोबर जागेवर फिरून नकाशावर खुणा करून घेतल्या, मागणी तीच. तेव्हा 'पुन्हा विचारून बघ' नको. लोकांचं मत वेगळा थर म्हणून घालून भारांकही (त्याला किती महत्त्व द्यायचं तो आकडा) दिला, पण आकडा जरा हलवला की निकाल उलटतो. असल्या बेरजेवर माझा तरी विश्वास नाही. (लोकसहभाग किती खरा आहे हे दाखवणाऱ्या शेरी आर्न्स्टाइनच्या १९६९ च्या आठ पायऱ्यांच्या शिडीवर आम्ही अजून सल्लामसलतीवरच अडकलोय, तो भाग वेगळा.)

आता खोलगट मैदान सुचतंय: एरवी खेळायला, जोराच्या पावसात पाणी साठायला. सादरीकरण महिन्यावर आलंय, प्रयोगशाळेत माती तपासायला पैसे नाहीत. जागेवर खड्डा खणून पाणी मुरण्याचा वेग मी स्वतः मोजला, तर त्यावरून मैदानाची खोली ठरवणं परीक्षकांपुढे टिकेल का? आणि लहान मुलं खेळणार म्हटल्यावर खोली जास्तीत जास्त किती धरावी?