आंबोलीच्या रानातला गोव्याचा रेडिओ: खरा की आजोबांची गजाल?

मळगावकर:
सावंतवाडीजवळच्या आंबोलीत माझ्या आजोबांचं चहाचं हॉटेल होतं. ते सांगायचे, "थंय झाडीत एक ट्रक उभो असायचो, त्येच्यातसून गोव्याक रेडिओ बोलायचो. एक बाईमाणूस पण होता." आम्ही नातवंडं हसायचो. काल सहज आठवलं. यात काही तथ्य आहे का? आणि रेडिओच कशाला, गोव्यात वर्तमानपत्रं नव्हती?

फोंड्याचा मास्तर:
आजोबांची माफी मागा! ट्रक खरा, बाईही खरी. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई. २५ नोव्हेंबर १९५५ पासून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे केंद्र कोकणी आणि पोर्तुगीजमधून बोलू लागलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता, भारतानं नाकेबंदी केली होती, आणि आत गोव्यात ऐकायला मिळायचं ते पोर्तुगीज सरकारी रेडिओ 'एमिसोरा द गोवा'चं.

वर्तमानपत्रं होती की. 'ओ हेराल्डो' हे दैनिक १९०० सालचं. केप्याहून हेगडे देसाई १९१२ पासून 'भारत' काढत, खटल्यांवर खटले अंगावर घेत. लोक त्यांना 'भारतकार' म्हणूनच ओळखत. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडे जायचा. जुनी माणसं तर सांगत, लग्नपत्रिकासुद्धा दाखवावी लागे. कागद नाक्यावर पकडता येतो, हवेतला आवाज कसा पकडणार? आमच्या घरी बाबा रेडिओ अगदी बारीक करून कानाला लावायचे आणि आजी पडवीत तांदूळ निवडत बसायची. तांदूळ निमित्ताला, नजर रस्त्यावर.

लोंढेकर:
मास्तर, एक भर घालतो. केंद्र शेवटपर्यंत आंबोलीत नव्हतं, पुढे ते आमच्या बाजूला कॅसलरॉकच्या जंगलात आलं. सगळं श्रेय सावंतवाडीकरांनी नेऊ नये :)

मळगावकर:
बरं, अर्धं तुमचं! पण मग ते थांबलं कधी?

फोंड्याचा मास्तर:
लोंढेकर, मान्य.
गोवा मुक्त झाला आणि काम संपलं. १८ डिसेंबर १९६१ ला हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीज बिनतारी केंद्र उडवलं. दुसऱ्या दिवशी लिबियाबाई आणि वामन सरदेसाई विमानात बसून पणजीवर घिरट्या घालत, ध्वनिक्षेपकावरून गोवा मुक्त झाल्याचं सांगत होते. सहा वर्षं रानात लपून बोलल्यावर! पुढे दोघांनी लग्न केलं. लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली ती २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी. उशीर म्हणजे किती करावा माणसानं?

लोंढेकर:
आणि मग पेपरांचं काय झालं? तोंड मोकळं झालं असेल.

फोंड्याचा मास्तर:
मोकळं म्हणजे काय, भांडायलाच लागलं. मार्च १९६२ मध्ये 'गोमन्तक' सुरू झाला, संपादक बा. द. सातोस्कर. वर्षभरानं मडगावहून 'राष्ट्रमत'. दोन्ही मराठी, पण 'गोमन्तक' महाराष्ट्रात विलीन व्हा म्हणणारा आणि 'राष्ट्रमत' होऊ नका म्हणणारा. उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहायचे. विलीनीकरणाला विरोध मराठीतून, ही गंमत मला आजही वाटते.

आमच्याकडे दोन्ही येत. बाबा विलीनीकरणवाले, काका विरोधक. काका 'ब्रह्मास्त्र' मुद्दाम मोठ्यानं वाचायचा आणि बाबा तेवढ्यात विहिरीवर निघून जायचे. १६ जानेवारी १९६७ ला यावर जनमत कौल झाला. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. काकानं निकालाचा अंक घडी करून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवला. बाबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत, चहा मात्र दोघंही आजीच्या एकाच किटलीतला प्यायचे.

मळगावकर:
मास्तर, त्या अंकाचा फोटो टाका ना इथे.

फोंड्याचा मास्तर:
ट्रंक आहे. अंक वाळवीनं खाल्ला.